थकबाकीदाराचा आयकर परतावा : गोव्यात अर्धा कोणाचा?

महोदय,

कर्जाचे हप्ते थकले की माणूस आधी घराच्या कागदांकडे धावतो, मग दागिन्यांकडे. आयकर खात्याकडून येणे असलेल्या परताव्याची आठवण त्याला सहसा होत नाही. ती बँकेला होते, आणि खात्याच्या संगणकाला तर न चुकता होते. विवरणपत्रे भरण्याचा हंगाम आला की दर वर्षी गोव्यात अनेकांचे परतावे अशा रीतीने वाटेतच जिरतात. त्यातले बरेचसे कायदा कडक आहे म्हणून जात नाहीत, तर अर्ज चुकीचा, खाते चुकीचे किंवा वाटणी चुकीची म्हणून जातात. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘दिवाळखोरी जाहीर करण्यापूर्वी टॅक्स रिफंड कसा वाचवाल’ अशा मथळ्याच्या अमेरिकन चित्रफिती हल्ली मोबाइलवर फिरतात आणि इथले लोक त्या प्रमाण मानतात. तिकडे चॅप्टर ७ चा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवसापर्यंतच्या कमाईशी संबंधित परतावा दिवाळखोराच्या मालमत्तेत मोडतो. वर्षाच्या मध्येच अर्ज केला तर दिवसांच्या प्रमाणात त्याचे भाग पडतात. त्यातली काही रक्कम सूट म्हणून मागता येते, पण किती, ते राज्यागणिक बदलते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी करसवलत काही राज्यांत वाचते, काहींत नाही. अर्जाची तारीख कोणती निवडायची याला तिथे एवढे महत्त्व येते ते या हिशेबामुळे. आपल्याकडे हा हिशेब उपयोगाचा नाही, कारण सामान्य पगारदार, दुकानदार किंवा ट्रकमालकासाठी तशी यंत्रणाच अजून सुरू झालेली नाही.

२०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता. गरीब कर्जदाराला कोऱ्या पाटीवर नवी सुरुवात देणारे कलम ८० वाचायला सुंदर आहे : वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नको. या आकड्यांत बसणारा माणूस आयकराचा परतावा मागायला येणार तरी कसा, हा प्रश्न बाजूला ठेवू. हे प्रकरण अमलातच आलेले नाही. तेव्हा ‘मी दिवाळखोरी जाहीर करतो, म्हणजे माझा रिफंड सुरक्षित’ असे म्हणणाऱ्याच्या हाती आज काही लागत नाही.

मग परतावा कायद्याच्या नजरेत काय आहे? सरकारकडून येणे असलेली रक्कम, बस्स. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त करता न येणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने काढू नये असा दागिना, आयुर्विम्याची रक्कम, सरकारी पेन्शन, भविष्य निर्वाह निधी हे सगळे तिच्यात आहे. पगारापैकी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. ही हजार रुपयांची मर्यादा आजच्या काळात वाचताना हसावे की रडावे कळत नाही. आयकर परताव्याचा मात्र या यादीत उल्लेख नाही. पगारातून जादा कापलेला कर परताव्याच्या रूपात परत आला, तर पगाराला असलेले संरक्षण त्यालाही चिकटून येईल, असे धरून चालू नये.

परताव्याला पहिले तोंड लागते ते आयकर खात्याचेच. आयकर कायद्याच्या कलम २४५ खाली, जुन्या कराची मागणी बाकी असेल तर नवा परतावा तिच्यात वळता करता येतो. त्यापूर्वी लेखी सूचना देणे खात्यावर बंधनकारक आहे. ही सूचना ई-मेलवर येते, आणि बहुतेकांचा आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरचा ई-मेल हा आधीच्या वर्षी विवरणपत्र भरून दिलेल्या पोराचा किंवा सायबर कॅफेचा असतो. मुदतीत उत्तर गेले नाही की संमती गृहीत धरून वजावट होते. म्हणून विवरणपत्र भरण्याआधी पोर्टलवर ‘पेंडिंग अॅक्शन्स’मध्ये जाऊन ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ हे पान उघडून पाहावे. दहा-बारा वर्षांपूर्वीची मागणीसुद्धा तिथे निघते. ती मान्य नसेल तर कारण निवडून, चलन किंवा दुरुस्तीचा आदेश जोडून ‘असहमत’ नोंदवावे. नुसते ‘असहमत’ लिहून कागद न जोडणे म्हणजे न लिहिल्यासारखेच. मागणीविरुद्ध पहिले अपील चालू असेल, तर ३१ जुलै २०१७ च्या कार्यालयीन ज्ञापनाप्रमाणे साधारणपणे २० टक्के भरल्यावर उरलेल्या वसुलीला स्थगिती मागता येते. स्थगितीचा अर्ज मात्र वेगळा करावा लागतो. अपील दाखल केले म्हणजे स्थगिती मिळाली असे नव्हे.

दुसरे तोंड बँकेचे. मुदत उलटलेल्या कर्जापोटी, त्याच माणसाच्या त्याच हक्कातल्या खात्यातून रक्कम वळती करून घेण्याचा बँकेला हक्क आहे, आणि त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागत नाही. परतावा जर थकीत कॅश क्रेडिट (धंद्यासाठीच्या चालू कर्जाच्या) खात्यात उतरला तर तो उतरताक्षणीच व्याजात गडप होतो. बचत खात्यात उतरला आणि त्याच खात्यावर हप्त्याचा आदेश लावलेला असेल, तर आधी परत गेलेल्या हप्त्यांचे दंड कापले जातात, मग हप्ता, आणि खातेदाराच्या हाती संदेश तेवढा राहतो. यात बँकेने काही बेकायदा केले असे सहसा नसते. कर्जाच्या करारात हे छापलेले असते.

उपाय साधा आहे आणि पूर्णपणे कायदेशीर आहे. जिथे आपले कर्ज, क्रेडिट कार्ड किंवा जामीनकी नाही अशा बँकेत नवे बचत खाते उघडावे. जामीनकी हा शब्द मुद्दाम लिहिला. शेजाऱ्याच्या ट्रकला किंवा मेव्हण्याच्या दुकानाला जामीन राहिलेला माणूस स्वतःला कर्जदार समजत नाही, बँक समजते. मग पोर्टलवर ‘माय प्रोफाइल’मधून ‘माय बँक अकाउंट’, तिथे खाते जोडून पडताळणी, आणि परताव्यासाठी ते नामांकित करणे. जुन्या खात्याचे नामांकन काढून टाकावे. हे सगळे विवरणपत्र भरण्यापूर्वी व्हायला हवे.

पडताळणी फसते ती नावावर. आपल्याकडे हा घोळ फार. पॅनवर आडनाव पोर्तुगीज वळणाने दोन शब्दांत आणि दोन ‘एस’ घालून प्रभुदेसाई, बँकेत तेच एका शब्दात आणि एका ‘एस’चे. पत्नीचा पॅन माहेरच्या नावाचा आणि खाते सासरच्या. खाते पॅनशी जोडलेले आहे असे शाखेत सांगतात, पण नाव जुळत नसल्यामुळे पोर्टल नाकारते. आधी पॅन दुरुस्त करून घ्यायचा की बँकेतले नाव, हे ठरवताना आधारवरचे नाव पाहावे आणि बाकी दोन्ही त्याच्याशी जुळवावीत. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय असतो. मग परतावाच निघत नाही, आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

खाते बंद पडलेले असणे हेही एक नेहमीचे कारण. सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन या गोव्यात गावोगावी पसरलेल्या बँका १ एप्रिल २०२० ला अनुक्रमे कॅनरा आणि युनियन बँकेत विलीन झाल्या आणि शाखांचे कोड बदलले. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला. तरी जुनेच खाते पोर्टलवर ठेवलेले लोक आहेत. परतावा परत गेला असेल तर ‘सर्व्हिसेस’मधल्या ‘रिफंड रीइश्यू’मधून नव्या खात्यासाठी विनंती करता येते. पतसंस्थेचे पासबुक यासाठी चालत नाही.

आता गोव्याचा खास भाग, आणि या पत्राचे खरे कारण. इथे लग्न होताना वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. आयकर कायद्याच्या कलम ५अ ने हे मान्य केले आहे. पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे घरभाडे, धंदा, भांडवली नफा, व्याज, दोघांत निम्मे-निम्मे वाटायचे आणि त्यावर कापलेला करही त्याच प्रमाणात. यात ऐच्छिक काही नाही. धर्माशी संबंध नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम सगळ्यांना सारखे. मात्र सावंतवाडी-कोल्हापूरहून नोकरीसाठी येऊन स्थायिक झालेल्यांना केवळ पत्ता गोव्याचा म्हणून हे लागत नाही.

आकड्यांत पाहू. मडगावातला एक गाळा कंपनीला महिना ६०,००० रुपयांनी भाड्याने दिला आहे. वर्षाचे भाडे ७,२०,०००, त्यावर १० टक्क्यांनी कापलेला कर ७२,०००. भाडेकरार पतीच्या नावे, म्हणून २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या वार्षिक उताऱ्यात, सगळे ७२,००० पतीच्या पॅनवर दिसतात. ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न राहते ५,०४,०००, म्हणजे प्रत्येकी २,५२,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे दोघांचे बाकीचे उत्पन्न माफक असेल तर पूर्ण ७२,००० परत येणे आहे : ३६,००० पतीला, ३६,००० पत्नीला.

बहुतेक ठिकाणी काय होते? पतीचे एकच विवरणपत्र जाते, त्यात सगळे उत्पन्न आणि सगळा कापलेला कर. शेवटी कर शून्यच येत असल्यामुळे फरक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, ७२,००० पतीच्या खात्यात येतात. कर्ज थकलेले नसेल तर घरात पैसे आले, एवढाच त्याचा अर्थ. कर्ज थकलेले असेल तर पत्नीचे ३६,००० पतीच्या नावावर चढून बँकेत गेले. जी रक्कम कायद्याने पहिल्यापासून तिची होती, ती एका चुकीच्या अर्जामुळे गेली. शिवाय कलम २४५ ची वजावट ज्याच्याकडून मागणी येणे आहे त्याच्याच परताव्यातून होते. पतीच्या जुन्या मागणीपोटी पत्नीच्या पॅनवरचा परतावा कापता येत नाही. म्हणजे दोन्ही दारांनी फायदा आहे, आणि तोही फक्त कायदा जसा आहे तसा पाळून.

हे नीट करण्याची रीत अशी. दोघांची स्वतंत्र विवरणपत्रे हवीत. सोपा म्हणून आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ घेऊ नये, ज्यांचे उत्पन्न ५अ खाली वाटायचे आहे त्यांना ते दोन्ही बंद आहेत. धंदा नसेल तर आयटीआर-२, असेल तर आयटीआर-३. दोघांच्याही अर्जात ‘शेड्यूल ५ए’ भरायचे : जोडीदाराचे नाव, पॅन, प्रत्येक शीर्षाखाली आलेली रक्कम, तिच्यातला वाटलेला भाग, कापलेला कर आणि त्यातला वाटलेला कर. मग करकपातीच्या तक्त्यात पतीच्या अर्जात ७२,००० दाखवून त्यांपैकी ३६,००० स्वतःकडे आणि ३६,००० पत्नीच्या पॅनवर. पत्नीच्या अर्जात ‘स्वतः’ऐवजी ‘इतर व्यक्ती’ हा पर्याय, पतीचा पॅन, भाडेकरूचा टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) आणि ३६,०००. इथे नव्वद टक्के अर्ज बिघडतात असे म्हणण्याचा मोह होतो, पण आकडेवारी माझ्याकडे नाही. पुष्कळ बिघडतात एवढे खरे. पतीने अर्धे सोडलेच नाहीत आणि पत्नीने मागितले, तर बंगळुरूचे प्रक्रिया केंद्र तिचे नाकारते आणि तिच्यावर उलट मागणी चढू शकते. पतीने सोडले आणि पत्नीने विवरणपत्रच भरले नाही, तर ते ३६,००० कोणाच्याच खात्यात येत नाहीत. म्हणून दोन्ही अर्ज एकाच बैठकीत, एकमेकांसमोर ठेवून भरावेत. केंद्राने नाकारलेच तर ‘रेक्टिफिकेशन’मधून कर-जमेच्या तफावतीची दुरुस्ती मागावी. कलम १५४ खाली, ज्या आर्थिक वर्षात आदेश आला ते संपल्यापासून चार वर्षांची मुदत असते. ती दुरुस्ती न केल्यामुळे उभी राहिलेली खोटी मागणीच पुढच्या वर्षी कलम २४५ खाली परतावा खाते, हे गोव्यात वारंवार दिसणारे चक्र आहे.

ही वाटणी सोयीप्रमाणे वापरायची नाही. पत्नीच्या मुदत ठेवीवर ८०,००० व्याज आणि ८,००० करकपात असेल, तर त्यातले ४०,००० आणि ४,००० पतीकडे जातात, आणि पती थकबाकीदार असेल तर ते ४,००० त्याच्या वाट्याच्या धोक्यात येतात. फायद्याचे तेवढे वाटायचे आणि तोट्याचे नाही, असे केले की सगळाच बचाव लंगडा होतो.

पत्नीचा वाटा सुरक्षित म्हणताना आणखी एक मर्यादा आहे. कर्ज दोघांच्या संमतीने किंवा संसाराच्या फायद्यासाठी काढलेले असेल तर त्याचा भार दोघांवर येऊ शकतो. गोव्यातल्या बँका तारण घेताना नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतात त्या उगाच नव्हेत. पत्नी सहकर्जदार असेल तर त्याच बँकेतले तिचे खातेही बँकेच्या हक्कात येते. तिनेही परताव्यासाठी वेगळ्या बँकेतले खाते दिले पाहिजे. तिची सही कुठेच नसेल तर तिच्या एकटीच्या खात्याला पतीच्या वैयक्तिक कर्जापोटी बँकेला परस्पर हात लावता येत नाही. लावलाच तर शाखेला लेखी तक्रार द्यावी, पोचपावती घ्यावी, आणि ३० दिवसांत दाद लागली नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. संयुक्त खात्याचे गणित जरा वेगळे आहे. आयकर खाते स्वतःच्या वसुलीसाठी कलम २२६(३) खाली नोटीस देते तेव्हा, उलट पुरावा येईपर्यंत, संयुक्त खात्यातले हिस्से समान धरले जातात. म्हणून पत्नीचा परतावा संयुक्त खात्यात घेण्यात शहाणपण नाही.

वेळेचे महत्त्व कर्जदाराला इतरांपेक्षा जास्त. मुदतीत विवरणपत्र गेले तर परताव्यावर करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या, १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळते, उशीर झाला तर भरल्याच्या तारखेपासून. ३६,००० चा परतावा नोव्हेंबरात आला तर आठ महिन्यांचे १,४४० रुपये होतात. (परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही, आणि मिळालेले व्याज करपात्र आहे.) धंद्यातला तोटा मुदतीत दाखवला तरच आठ वर्षे पुढे नेता येतो. धंदा बुडाला म्हणून विवरणपत्रच न भरणारा माणूस स्वतःची पुढची करसवलतही बुडवतो. आणि ‘मागाहून अपडेटेड रिटर्न भरू’ या भरवशावर राहू नये. कलम १३९(८अ) खालचे ते विवरणपत्र जादा कर भरण्यासाठी आहे, त्यातून परतावा मागता किंवा वाढवता येत नाही.

मुदती सगळ्याच उलटून गेल्या असतील तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज उरतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक ११ प्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो आणि १ कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्तांच्या पातळीवर होतो. पणजीला पाटोवरच्या आयकर भवनात अर्ज देताना उशिराचे कारण कागदानिशी द्यावे : इस्पितळाची कागदपत्रे, बँकेच्या जप्तीची नोटीस, हिशेबाच्या वह्या कुणाच्या ताब्यात होत्या त्याचा पंचनामा. ‘माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही.

कंपनीच्या कर्जाला हमी दिलेले संचालक हा गोव्यात लहान वर्ग नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या वसाहतींमध्ये घरगुती कंपन्या पुष्कळ, आणि हमीपत्रावर वडील, मुलगा, सून सगळ्यांच्या सह्या. त्यांना दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग लागू आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२३ च्या निकालात तिची कलमे ९५ ते १०० वैध ठरवली आहेत. बँकेने किंवा स्वतः हमीदाराने नादारीचा अर्ज दाखल केला त्या दिवसापासून कलम ९६ ची अंतरिम स्थगिती सुरू होते. न्यायाधिकरणाने अर्ज स्वीकारला की कलम १०१ खाली १८० दिवसांची. अर्जाची प्रत आणि दाखल झाल्याचा पुरावा लगेच प्रत्येक बँकेच्या शाखेत, तसेच पोर्टलवर मागणीच्या उत्तरात जोडावा. स्थगिती आहे हे शाखेतल्या संगणकाला आपोआप समजत नाही.

अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत अजून हाती न आलेला परतावाही ‘येणे’ म्हणून लिहायचा असतो, अंदाजे रकमेसह आणि वर्षासह. सोडून दिला तर ती खोटी माहिती ठरते आणि शिक्षा तुरुंगवासापर्यंत आहे. पुढे दिवाळखोरीचा आदेश झालाच तर संहितेत वगळलेल्या मालमत्तेची यादी पुन्हा छोटीच आहे : रोजच्या गरजेची हत्यारे, पुस्तके आणि वाहन, घरातले सामान, ठरावीक किमतीपर्यंतचे दागिने, आयुर्विमा किंवा पेन्शन योजना, आणि नियमांत दिलेल्या किमतीपर्यंतचे एकच राहते घर, शहरी भागात २० लाख, ग्रामीण भागात १० लाख. पर्वरीत २० लाखांत काय मिळते ते वाचकांना सांगायला नको. परतावा याही यादीत नाही, तो दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या विश्वस्ताकडे जातो. पत्नीचा ५अ खालचा अर्धा भाग मात्र तिचा आहे, आणि तो मागच्या तीन-चार वर्षांच्या विवरणपत्रांत सातत्याने तसाच दाखवलेला असेल तर विश्वस्ताशी वाद घालायला हाती काही असते. अर्ज यायच्या वर्षीच अचानक अर्धा वाटा आठवला तर शंका येणारच. परतावा आल्यावर तो घरखर्च, औषधे, शाळेची फी यांवर खर्च करून पावत्या ठेवाव्यात. भावाचे हातउसने आधी फेडणे टाळावे. नातेवाइकाला झुकते माप दिल्याचे व्यवहार दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन रद्द होऊ शकतात.

खरे तर परतावा वाचवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तो मोठा होऊच न देणे. दर महिन्याला जादा कर कापून घ्यायचा आणि वर्षाने सरकारकडे मागायचा, यात थकबाकीदाराचा काहीच लाभ नाही. नोकरदाराने वर्षाच्या सुरुवातीलाच मालकाकडे जुनी की नवी करपद्धत निवडली ते आणि वजावटींचे तपशील द्यावेत, म्हणजे पैसा पगार म्हणूनच हातात येतो. ज्यांचा कर शून्य येतो त्यांनी बँकेत आणि भाडेकरूकडे १५जी किंवा (ज्येष्ठांनी) १५एच हा कर न कापण्याचा अर्ज द्यावा, अटी वाचून, कारण खोटे जाहीरपत्र हा गुन्हा आहे. काही कर बसतोच पण कपात फार होते, अशांनी कलम १९७ खाली अर्ज १३ भरून कमी दराचे प्रमाणपत्र घ्यावे. ट्रकवाल्यांसाठी तर सोपी वाट आहे. वर्षात कधीही दहाहून जास्त मालवाहू गाड्या नसतील तर पॅनसह तसे लेखी जाहीरपत्र दिल्यावर वाहतुकीच्या बिलातून १९४सी खालची कपात होत नाही. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्यावर डिचोली, साखळी, सांगे भागातले ट्रकमालक कर्जात रुतले. त्यांच्यापैकी कित्येकांचे कापलेले कर विवरणपत्रच न भरल्यामुळे पडून राहिले. दहा लाखांवरची गाडी घेताना भरलेला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने वसूल केलेला कर) हाही आपलाच पैसा आहे, तो २६एएस मध्ये पाहून मागावा. गेस्ट हाउस बंद केलेल्यांनी जीएसटीच्या रोख खातेवहीत उरलेली शिल्लक आरएफडी-०१ या अर्जाने परत मागावी. इनपुट क्रेडिटची (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या जमेची) शिल्लक मात्र नोंदणी रद्द करताना तशी मिळत नाही.

वर दिलेले आयकराच्या कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक १९६१च्या आयकर कायद्यातले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५चा नवा कायदा लागतो आणि क्रमांक बदलतात, त्यामुळे पुढच्या वर्षी जुनी कात्रणे पाहून अर्ज भरू नयेत.

आयकर खात्याकडे दोन मागण्या आहेत. गोव्यातल्या करदात्याने एकदा विवाहाचा दाखला पोर्टलवर चढवला की कापलेला कर २६एएस मध्ये दोन्ही पॅनवर आपोआप अर्धा-अर्धा दिसावा. ही तांत्रिक सोय करण्यात अवघड काही नाही, आणि नाकारल्या जाणाऱ्या दाव्यांचा मोठा भाग तिथेच संपेल. दुसरे, कलम २४५ ची सूचना ई-मेलखेरीज टपालानेही यावी, निदान ज्यांचे वय साठच्या वर आहे त्यांना तरी. आपल्या आमदार-खासदारांनी हा विषय लावून धरावा. तोपर्यंत पत्नीचे विवरणपत्र भरताना विवाहाच्या दाखल्याची आणि भाडेकराराची प्रत फाइलला लावून ठेवावी. चौकशी आली तर सर्वात आधी तीच मागतात.

आपला,
एक करसल्लागार, फोंडा